महागडी मार्शल आर्ट्स जिम लावावी का? ठाणे आणि नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

घोडबंदर रोडच्या टॉवरखाली, वाशी-नेरुळच्या सेक्टरांत, खारघरच्या मॉलमध्ये बॉक्सिंग, मुए थाय (लाथा, गुडघे, कोपरही वापरणारं थाई बॉक्सिंग), जिउ-जित्सू (जमिनीवरची झटापट आणि पकडी), एमएमए (या सगळ्यांचं मिश्रण) शिकवणाऱ्या जिम दिसतात. शाळेच्या हॉलमधल्या कराटे क्लासच्या पाच-सहा पट फी घेणाऱ्याही त्यांत आहेत. पैसे भरण्याआधी लोक जे विचारतात आणि जे विचारायला हवं, ते सगळं इथे आहे.

महिन्याला पाच-सात हजार रुपये फी म्हणजे फार आहे का?

नुसत्या फीच्या आकड्यावरून हे ठरत नाही. वर्षाचा सगळा खर्च काढा आणि तुम्ही खरंच जितके दिवस जाल त्याने भागा.

समजा, वर्षाची फी ६०,००० रुपये, प्रवेश फी ३,००० आणि साहित्य ८,०००. रिक्षा किंवा पेट्रोलचे जाऊन-येऊन दिवसाला ८०. आठवड्यातून तीन दिवस म्हणजे कागदावर १५६ दिवस झाले. त्यातून गणपती, दिवाळी, मुलांच्या परीक्षा, गावाला जाणं, रुळांवर पाणी साचलेले दिवस आणि एखादा मुरगळलेला पाय वजा करा. नेमाने जाणाऱ्या माणसाच्या हातात साधारण ११० दिवस उरतात. एकूण खर्च ७९,८०० रुपये, म्हणजे एका दिवसाचे जवळपास ७२५. पन्नासच दिवस गेलात तर तोच दिवस १,५०० रुपयांना पडतो. अडीच महिन्यांत पंचवीस दिवस करून सोडून दिलं, तर २,९०० च्या वर.

म्हणजे जिम महाग आहे की नाही, हे बरंचसं तुमच्या हजेरीवर ठरतं. उरलेलं ठरतं त्या तासाभरात काय होतं त्यावर.

त्या तासाभरात काय व्हायला हवं?

घड्याळ लावून बघा. साठ मिनिटांपैकी दहा ते पंधरा मिनिटं अंग गरम करण्यात गेली तर ठीक. वीस-पंचवीस मिनिटं डाव किंवा फटक्याचं तंत्र. आणि निदान पंधरा मिनिटं अशी हवीत, की समोरचा माणूस खराखुरा विरोध करतोय. जिउ-जित्सूत त्याला रोलिंग म्हणतात, ज्युदोत रांदोरी, बॉक्सिंगमध्ये स्पॅरिंग. नवख्याला पहिल्या आठवड्यात पूर्ण स्पॅरिंग देऊ नये हे बरोबरच आहे, पण ‘तू फक्त जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मार, मी फक्त अडवतो’ किंवा ‘खालून सुटायचा प्रयत्न कर, मी दाबून ठेवतो’ असा मर्यादित विरोध दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून देता येतो. जिथे सहा महिने झालेली मुलंही फक्त हवेत हातपाय मारतात किंवा बॅग बडवतात, तिथे घाम भरपूर निघेल, पण लढायला येणार नाही. घामासाठी एवढे पैसे मोजायची गरज नाही.

दुसरी गोष्ट मोजा: कोच एका नवख्याजवळ किती वेळा थांबून चूक दुरुस्त करतो. ‘कोपर आत’, ‘हनुवटी खाली’ असं लांबून ओरडणं वेगळं आणि जवळ येऊन कोपर हाताने आत ढकलून पुन्हा दहा वेळा करायला लावणं वेगळं. एका कोचकडे बारा-पंधरा नवखे असतील तर हे जमतं. पंचवीस असतील आणि मदतनीस फक्त हजेरी घेत फिरत असेल, तर नाही जमत.

जागेचंही गणित करून बघा. जमिनीवर झटापट करणाऱ्या एका जोडीला साधारण अडीच मीटर बाय अडीच मीटर, म्हणजे ६७ चौरस फूट मॅट लागते. ८०० चौरस फूट मॅटवर बारा जोड्या कशाबशा मावतात. संध्याकाळी साडेसातच्या बॅचला तिथे चाळीस जण असतील, तर पंधरा-सोळा जण भिंतीला टेकून उभे राहणार, किंवा एकाची टाच दुसऱ्याच्या दातावर बसणार.

ट्रायलला कधी जाऊ? नेमकं काय बघू?

तुम्हाला रोज ज्या वेळेला जायचं आहे त्याच वेळेला, कामाच्या दिवशी जा. रविवारी सकाळच्या ट्रायलला रस्ता मोकळा असतो, मुख्य कोच हजर असतो आणि बॅचही लहान असते. बुधवारी महापे किंवा रबाळेहून ऑफिस सुटल्यावर तिथे पोहोचायला किती वेळ लागतो आणि पोहोचल्यावर अंगात किती जीव उरतो, ते त्या रविवारी कळणार नाही. एक ट्रायल स्वतः करा आणि दुसऱ्या दिवशी फक्त बाजूला बसून बघायची परवानगी मागा. कोणी बसू देत नसेल तर तिथे पैसे भरू नका.

बसल्यावर आधी मॅटकडे बघा. मॅट मिळाल्या आहेत त्या सांध्यावर अनवाणी पाय फिरवा. सांधा उघडा पडला असेल तर पायाची करंगळी त्यात अडकते, शरीर वळतं आणि बोट तिथेच राहतं. हा मार छोटा दिसतो, पण महिनाभर बूट घालू देत नाही. मग टाच जोरात आपटा. उचलून टाकायचे डाव शिकवत असतील तर ज्युदोला वापरतात तशी ४० मिलिमीटरची मॅट हवी. लहान मुलांच्या खेळघरातली दहा-बारा मिलिमीटरची कोडं-मॅट असेल तर टाचेला खालची लादी सरळ लागते. तिथे उचलून आपटणं धोक्याचं आहे. नुसत्या बॉक्सिंगला वीस-पंचवीस मिलिमीटरची चालते. खांब आणि भिंतींना निदान खांद्याच्या उंचीपर्यंत गादी लावलेली हवी.

मग माणसांकडे बघा. सगळ्यांत जास्त कळतं ते मोठ्या आणि लहान चणीच्या जोडीवरून. ऐंशी किलोचा जुना पोरगा पंचावन्न किलोच्या नवख्याबरोबर खेळतोय आणि त्याने जोर कमी केला आहे, अंगाचा भार गुडघ्यावर पेलला आहे, डाव लावताना सावकाश दाबतोय, तर तिथली शिस्त चांगली आहे. तो जिंकण्यासाठी धसमुसळेपणा करतोय आणि कोच मोबाइलमध्ये बघतोय, तर त्या जिममध्ये कोणीतरी जायबंदी होणारच. टॅप केल्यावर पकड त्याच क्षणी सुटते का? टॅप म्हणजे हाताने दोनदा थोपटणं, ‘सोड’ असं सांगणं. त्यानंतर एक सेकंद जरी पकड राहिली आणि कोच काही बोलला नाही, तर तिथून निघा.

जुने किती आहेत तेही विचारा. दोन-तीन वर्षं टिकलेले पंधरा-वीस जण असतील तर पैसे बहुतेक सत्कारणी लागतील, कारण शिकवणाऱ्याइतकंच तुम्ही जोडीदारांकडून शिकता. सगळेच तीन महिन्यांचे असतील, तर ‘इथे लोक टिकत का नाहीत’ हे सरळ विचारा.

पोस्टरवर मोठ्या कोचचं नाव आहे. त्यावर विश्वास ठेवू का?

‘माझ्या बॅचला आठवड्यातले किती दिवस तेच शिकवतात?’ एवढं विचारा. नाव एकाचं आणि मॅटवर उभा दुसराच, असं शाखा असलेल्या जिममध्ये होऊ शकतं. दुसरा चांगला असेल तर हरकत नाही, पण मग त्याला बघून पैसे भरा. तो सोडून गेला तर उरलेली फी परत मिळेल का, तेही विचारून लेखी घ्या.

कोचची पात्रता कशी तपासायची?

प्रकारानुसार वेगळी. बॉक्सिंग, ज्युदो, कुस्तीच्या कोचच्या नावापुढे ‘एनआयएस’ असेल तर कोणता अभ्यासक्रम केला ते विचारा. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा एक वर्षाचा डिप्लोमा वेगळा आणि सहा आठवड्यांचं प्रमाणपत्र वेगळं. दोन्ही खरी असली तरी फी वाढवायला एकाचं नाव दुसऱ्याला लावू नये.

ब्राझिलियन जिउ-जित्सूत पट्टा कोणी दिला, त्याला कोणी दिला, ही साखळी सांगता यायला हवी. तिथे पट्टे सावकाश मिळतात. आयबीजेजेएफ या त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत प्रौढ खेळाडूला साधारणपणे निळ्या पट्ट्यावर किमान दोन वर्षं, जांभळ्यावर दीड आणि तपकिरीवर एक वर्ष काढावं लागतं. त्यामुळे तीन वर्षांत काळा पट्टा मिळाल्याचं कोणी सांगत असेल तर थांबून विचार करा. तायक्वांदोत कोरियातल्या कुक्कीवॉन या मुख्य संस्थेचं दान (काळ्या पट्ट्याची पायरी) प्रमाणपत्र दाखवायला सांगा. कराटेत संघटना इतक्या आहेत की नुसत्या कागदावरून फार कळत नाही. तिथे शिष्यांचं कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत, बघा.

कागद नसलेला पण चांगलं शिकवणारा वस्ताद असू शकतो आणि भिंतभर प्रमाणपत्रं असूनही शिकवता न येणाराही. म्हणून आधी शिकवणं बघा, कागद नंतर.

कोणत्या प्रकाराला किती साहित्य लागतं?

बॉक्सिंगला पहिल्या महिन्यात फक्त हँडरॅप (मनगट-पंजाला बांधायची लांब पट्टी) आणि माउथगार्ड घ्या. हँडरॅप १८० इंची घ्या, १०८ इंचीत मोठ्या माणसाचं मनगट नीट बांधलं जात नाही. मनगटाला तीन वेढे, पंजाच्या गाठींवर तीन, मग बोटांच्या मधून आणि पुन्हा मनगटावर. हे न शिकवता थेट बॅगवर उभं केलं तर आठवड्याभरात मनगट दुखायला लागतं. ग्लोव्ह्ज बॅगसाठी १२ औंसचे. स्पॅरिंगसाठी मोठ्या माणसाला १६ औंसचे वेगळे हवेत, कारण बॅगवर दबलेल्या भरावाने समोरच्याचं डोकं फुटतं. मुए थायला त्यात शिनगार्डची, म्हणजे नडगीवर बांधायच्या गादीची, भर. जिउ-जित्सूला एक गी, म्हणजे सरावाचा जाड सुती पोशाख, लागते. आठवड्यातून तीन दिवस जाणार असाल तर दोन, कारण जुलैत ठाण्यात जाड सुती कापड एका रात्रीत वाळत नाही आणि ओलसर गी घातली की खाज सुरू झालीच.

जिमच्याच नावाचं साहित्य घ्यायची सक्ती असेल तर किंमत आधी लेखी मागा. गणवेशापुरतं समजू शकतं. ग्लोव्ह्ज आणि शिनगार्डसाठी अशी सक्ती योग्य नाही.

माउथगार्ड उकळत्या पाण्यात मऊ करून चावून दाताला बसवायचा असतो. नुसता तोंडात ठेवलेला माउथगार्ड पहिल्याच फटक्याला बाहेर येतो.

कमी फीचा क्लास किंवा तालीम पुरेशी नाही का?

पुष्कळदा पुरते. पकड, तोल, उचलून आपटणं हे शिकायचं असेल आणि घराजवळ कुस्तीचा चालता आखाडा असेल, तर आधी तिथे जाऊन बघा. मातीवर किंवा मॅटवर रोज सरावाच्या लढती होणं, रोज वेगळ्या वजनाच्या माणसाशी झोंबणं, हे महागड्या जिममध्येही सहज मिळत नाही. अडचणी वेगळ्या आहेत: वेळा पहाटेच्या, बायका-मुलींना जागा कमी, आणि चाळिशीतल्या नवख्यासाठी वेगळी बॅच नसते.

शाळेच्या हॉलमधल्या कराटे-तायक्वांदो क्लासबाबत तोच घड्याळाचा नियम लावा. कमी पैशांत पंधरा मिनिटं खरा विरोध आणि चांगली नजर मिळत असेल तर महागड्या जिमकडे वळायचं कारण नाही. सोसायटीच्या क्लबहाउसमधल्या क्लासला फरशी आणि गर्दी तेवढी बघा.

महाग जिमचं खरं मोल तीन गोष्टींत आहे: दिवसातून चार-पाच बॅच असणं, म्हणजे ऑफिसात उशीर झाला तरी साडेआठची मिळते, वेगवेगळ्या वजनाचे आणि अनुभवाचे भरपूर जोडीदार, आणि रोज मॅटवर असणारा पूर्णवेळ कोच. यांतलं काहीच नसेल तर तुम्ही आरसे, दिवे आणि कॉफी मशीनचे पैसे देताय. एसीला मात्र आम्ही चैन म्हणणार नाही. मे महिन्यातल्या दमट हवेत बंद खोलीत तीस माणसं झोंबत असताना चक्कर येते. पण एसीबरोबर हवा बाहेर फेकणारा पंखा हवाच. तळघरात तो नसेल तर आत शिरताच आंबूस वास येतो.

चांगली जिम लांब आहे, बरी जिम जवळ आहे. कुठे जाऊ?

दारापासून दारापर्यंत पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर नवख्याने जवळचीच धरावी. कासारवडवलीला राहणाऱ्याने नौपाड्यातली जिम लावली, तर माजिवडा-कापूरबावडीच्या कोंडीत संध्याकाळ जाते. घणसोलीत राहून वाशीत काम करणाऱ्याचं वेगळं आहे. त्याला वाशी स्टेशनजवळची जिम लावून, गर्दी ओसरल्यावर ट्रान्स-हार्बरने घरी जाता येतं. ऑफिसजवळची जिम सुट्टीच्या दिवशी आणि नोकरी बदलल्यावर निरुपयोगी होते, तेवढं ध्यानात ठेवा. लांबच्या उत्तम जिममध्ये महिन्यातून दोन रविवार एकेक दिवसाचे पैसे देऊन जाता येतं का, तेही विचारा.

वर्षाचे पैसे एकदम भरले तर मोठी सूट आहे. घेऊ का?

पहिल्या वेळी नको. महिन्याची फी ७,००० आणि वर्षाची ६०,००० असेल, तर वर्षाचा सौदा फायद्याचा व्हायला तुम्ही नवव्या महिन्यापर्यंत टिकायला हवं. वरच्या हिशेबातल्या अडीच महिन्यांत सोडणाऱ्याला महिन्याच्या फीने एकूण ३४,००० रुपयेच पडले असते आणि जवळपास ३९,००० वाचले असते. एक महिना, मग तीन महिने, मग वर्ष अशा पायऱ्यांनी जा. ‘ही सूट आज रात्री बारापर्यंतच’ असं सांगितलं तरी घाबरू नका, सूट पुन्हा येते.

भरायच्या आधी लेखी विचारायचे मुद्दे: दुखापत, बाळंतपण किंवा बदलीमुळे सदस्यत्व किती दिवस थांबवता येतं, दुसऱ्याच्या नावावर करता येतं का, बॅचची वेळ बदलली किंवा शाखा हलली तर पैसे परत मिळतात का, वर्षानंतर नूतनीकरणाला आजचाच दर राहील का. तोंडी ‘हो हो, करू ना’ चालणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

‘नो कॉस्ट ईएमआय’ असेल तर सही कोणत्या कागदावर करताय ते वाचा. पुष्कळदा ते फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. जिमला पैसे मिळून गेलेले असतात. जिमला उद्या कुलूप लागलं तरी हप्ता तुमच्या खात्यातून जात राहतो आणि चुकला तर तुमचा क्रेडिट स्कोअर खाली येतो. यूपीआय ऑटोपे लावला असेल तर तो तुमच्याच अ‍ॅपमधून रद्द करता येतो.

सांगितलेला दर जीएसटी धरून आहे का, हेही विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिम आणि फिटनेस सेंटरच्या सेवेवरचा दर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. बिलावर १८ टक्के असतील तर ते कोणत्या सेवेखाली लावले ते विचारा. जीएसटी घेणाऱ्याने नोंदणी क्रमांक छापलेलं बिल द्यायलाच हवं.

पर्सनल ट्रेनिंग घेऊ का?

पहिले तीन महिने नको. बॉक्सिंग, मुए थायमध्ये पॅड धरून एकट्याला शिकवण्याचा पुढे चांगला फायदा होतो. जिउ-जित्सू, ज्युदोत तेच पैसे वेगवेगळ्या जोडीदारांशी झोंबण्यात घालवलेले बरे.

मॅटवरून त्वचेचे आजार होतात म्हणतात, खरं का?

खरं आहे, आणि आपल्याकडच्या दमट हवेत जास्तच. मुख्य आजार गजकर्णाचा, म्हणजे बुरशीचा. मॅट रोज, आणि बॅच मोठी असेल तर दोन बॅचच्या मध्ये, जंतुनाशकाने पुसली पाहिजे. नुसता ओला पोछा पुरत नाही. जंतुनाशक डब्यावर लिहिलेल्या वेळेइतकं, सहसा दहा मिनिटं, मॅटवर ओलं राहिलं तरच काम करतं. संडासात अनवाणी जाऊन तसंच मॅटवर येणाऱ्याला कोणी टोकतं का ते बघा. दारात चपला ठेवायची सोय असणं आणि नखं कापायची सक्ती असणं ही चांगल्या जिमची खूण आहे.

तुम्हाला कडा लाल आणि मध्ये फिकट असा गोल चट्टा दिसला, तर औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेलं मलम आणून लावू नका. खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आत पसरते आणि पुढे ओळखताही येत नाही. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. अंगावरच्या गजकर्णाला बुरशीनाशक सुरू करून निदान ७२ तास मॅटवर जायचं नाही, असा अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजच्या कुस्तीतला नियम आहे. डोक्यातल्या गजकर्णाला जास्त दिवस थांबावं लागतं.

स्पॅरिंगमध्ये डोक्याला मार बसला तर?

त्या दिवशी तिथेच थांबायचं, ‘एक राउंड आणखी’ नाही. डोकेदुखी, मळमळ, झोपाळूपणा, नुकतंच घडलेलं न आठवणं, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांकडे जा आणि एकटं दुचाकी चालवत जाऊ नका. बरं वाटल्यावर सरावाला परतताना आधी चालणं, मग हलका व्यायाम, मग स्पर्श न होणारा सराव, आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावरच स्पॅरिंग. ‘आमच्याकडे पहिल्या दिवसापासून खरं स्पॅरिंग’ अशी जाहिरात करणारी जिम टाळा. चांगल्या ठिकाणी जोराचं स्पॅरिंग रोज नसतं, ठरवून असतं आणि कोच मध्ये उभा असतो.

दहा वर्षांच्या मुलीला घालायचं आहे. काय वेगळं बघायचं?

आधी सुरक्षितता. पालकांना बसून बघता येतं का? कपडे बदलायची जागा वेगळी आणि आतून कडी असलेली आहे का? एकट्या मुलाला बंद खोलीत शिकवणं नाही, असा नियम आहे का? कोच मुलांना खासगी मेसेज करतो का? मुलीला शिकवताना कुठे आणि कसा हात लावावा लागेल हे चांगला कोच पालकांसमोर सांगून करतो. प्रश्नाने तो चिडला, तर ते ठिकाण सोडा.

मग पैसा. मुलांच्या क्लासमध्ये महिन्याच्या फीपेक्षा पट्ट्यांच्या परीक्षा जड जातात. काळ्या पट्ट्यापर्यंत किती परीक्षा, प्रत्येकीची फी किती, शिबिरं आणि स्पर्धा सक्तीच्या आहेत का, असा पूर्ण तक्ता मागा. कराटेत काळ्या पट्ट्याआधी दहाव्या क्यूपासून पहिल्या क्यूपर्यंत पायऱ्या असतात. दर परीक्षेला १,२०० रुपये धरले तरी नऊ-दहा परीक्षांचे अकरा-बारा हजार होतात. तायक्वांदोत पंधरा वर्षांखालच्या मुलांना दानऐवजी पूम हा मुलांसाठीचा दर्जा मिळतो. ‘दोन वर्षांत काळा पट्टा, हमी’ असं कोणी म्हणत असेल तर तो पट्टा विकतोय.

दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांसाठी क्लासची प्रमाणपत्रं उपयोगी नाहीत. ते गुण शासनमान्य स्पर्धांमधून, शाळा आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत मिळतात. हॉटेलच्या हॉलमध्ये भरलेली, पैसे भरेल त्याला पदक देणारी ‘नॅशनल’ तिथे चालत नाही. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतच्या शाळा ठाणे जिल्ह्यात येतात आणि खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेलच्या रायगड जिल्ह्यात. त्यामुळे कागद कुठे जातात ते शाळेतल्या पीटीच्या सरांना विचारा, जिमला नको.

आणि मुलीला विचारा, खेळताना हसू येतंय का. तीन महिन्यांनी ती दप्तर टाकून आपणहून बॅग भरत असेल तर फी योग्य जागी जातेय.

फक्त वजन कमी करायचं आहे.

मग एवढा खर्च नको. उपवनला किंवा नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईला रोज पाऊण तास झपझप चाला आणि जेवणाकडे लक्ष द्या. बॉक्सिंग आवडतं म्हणून जिममध्ये टिकाल, असं वाटत असेल तर गोष्ट वेगळी. आवड हे पैसे खर्च करायचं चांगलं कारण आहे.

स्वसंरक्षणासाठी किती दिवसांत तयार होईन?

दोन दिवसांच्या शिबिरात सावध राहणं, ओरडणं, पळायची वाट ठेवणं, ११२ ला फोन करणं शिकता येतं आणि ते उपयोगी आहे. धरलेला हात सोडवणं मात्र विरोध करणाऱ्या माणसासमोर शेकडो वेळा केल्याशिवाय जमत नाही. त्याला आठवड्यातून दोन-तीन दिवस सहा महिने धरा. फक्त बायकांची बॅच सुरुवातीला मोकळेपणा देते. पुढे वेगवेगळ्या वजनाच्या जोडीदारांबरोबर, विश्वासाच्या वातावरणात, सराव हवाच. चाकू हिसकावण्याचे डाव पहिल्या आठवड्यात शिकवणाऱ्याकडे जाऊ नका.

वय बेचाळीस, थोडं बीपी आहे. चालेल का?

डॉक्टरांना विचारून, चालेल. पहिला महिना आठवड्यातून दोनच दिवस, मध्ये निदान एक दिवस विश्रांती. लवकर टॅप करा. गुडघ्याला पीळ देणारी हील हूक पकड नवख्यांवर लावू देत असतील, तर त्या बॅचला जाऊ नका. त्यात दुखेपर्यंत अस्थिबंध तुटलेला असतो.

मेडिक्लेम दुखापतीला चालतो का?

पॉलिसीत धोकादायक खेळांचं कलम वाचा. प्रमाणित कलमात व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यावर झालेली दुखापत वगळलेली असते. हौसेने शिकणाऱ्याने तरी विमा कंपनीला ईमेल करून उत्तर लेखी घ्यावं. दवाखान्यात न राहता केलेली फिजिओथेरपी बहुतेक पॉलिसींत मिळत नाही, त्यासाठी पैसे बाजूला ठेवा.

जिम बंद पडली किंवा पैसे परत देत नाहीत. काय करू?

आधी जिमला ईमेल करा. त्यात भरलेली रक्कम, उरलेले महिने, काय कबूल केलं होतं आणि काय झालं, आणि उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत लिहा. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार ऑनलाइनही करता येते. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, जिमचं मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात असलं तरी. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. ‘फी परत मिळणार नाही’ असं पावतीमागे छापलं आहे म्हणून गप्प बसू नका. कबूल केलेली सेवाच दिली नसेल, तर नुसत्या छापील ओळीने जिमची सुटका होत नाही.

तक्रारीला जोडायचे कागद असे: पावती, बँकेची नोंद, अटींचा कागद, व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश आणि भरती झालात तेव्हाचं बॅचचं वेळापत्रक. शेवटचं भिंतीवर लावलेलं असतं आणि बदललं की जुनं कुठेच सापडत नाही. म्हणून पैसे भरायच्या दिवशीच त्याचा फोटो, तारीख दिसेल असा, काढून ठेवा.